क्लास, कॅनॉट आणि कैलास

निघण्याआधी

लातुरात अकरावी सायन्सच्या लेकराला सुट्टी असते, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं आमच्या घरी आठवडाभर मुक्काम करावा. सकाळी क्लास, दुपारी नावापुरतं कॉलेज, संध्याकाळी अभ्यासिका आणि रविवारी टेस्ट. ‘लातूर पॅटर्न’चं कौतुक सगळा महाराष्ट्र करतो, त्या पॅटर्नमधल्या घरात टीव्हीचा आवाज किती ठेवायचा यावरून काय काय होतं, ते आमचं आम्हालाच ठाऊक. तर संक्रांत झाली, थोरलीच्या दोन टेस्टच्या मधे थोडे दिवस मोकळे निघाले आणि मी जेवताना जाहीर करून टाकलं, “आपण फिरायला जाऊलालोत.”

कुठं, यावर आमच्या घरात एकमत व्हायचं नाही. नवऱ्याच्या डोक्यात थंड हवेचं ठिकाण. थोरली म्हणाली, “डोंगर बघून काय करायचं? मला शहर पाहिजे. रात्री दहाला पण रस्त्यावर माणसं असलेलं.” आठवीतल्या धाकट्याची मागणी सोपी होती, मॉल आणि वायफाय. मी हुरडा पार्टीचं नाव काढलं तर दोघंही एका सुरात म्हणाले, “आत्ताच येळवस झाली की! शेतातलं सगळं खाऊन झालंय, परत पैसे देऊन कामून जायचं?” येळवस म्हणजे वेळ अमावस्येचं शेतातलं जेवण, त्यामुळे याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

शेवटी छत्रपती संभाजीनगर ठरलं. गाडीनं सहाएक तास, मॉल आहे, लेणी आहेत, किल्ला आहे आणि रात्री दहाला रस्त्यावर माणसंही असतात.

बेत आखायचं काम आम्ही मुद्दाम लेकरांकडे दिलं. या वयाच्या पोरांना नुसतं सोबत घेतलं तर ती मागच्या सीटवर पार्सलसारखी येतात, कानात इअरफोन घालून, आणि उतरवाल तिथं उतरतात. नवऱ्यानं एक भली मोठी यादी करून ठेवली होती. तो सिव्हिल इंजिनिअर, त्यामुळे यादीत ठिकाणाचं नाव, अंतर आणि लागणारा वेळ असे रकाने. थोरलीनं लाल पेन घेतलं आणि अर्ध्याहून जास्त यादी कापली. मग ठराव झाले. सकाळी बघण्याचं एक ठिकाण, ते आईबापांच्या पसंतीचं. दुपारी सगळ्यांनी झोपायचं किंवा आपापल्या फोनमध्ये पडायचं, कुणी कुणाला हटकायचं नाही. संध्याकाळ लेकरांची. एक दिवस पूर्ण त्यांच्या मनाचा. रोजच्या खर्चाचं पाकीट धाकट्याकडे, हिशेबही त्यानंच लिहायचा. आणि पप्पांनी कुठल्याही इमारतीसमोर तीन मिनिटांपेक्षा जास्त बोलायचं नाही, फोनवर टायमर लावला जाईल.

वारांचा घोळ थोरलीनं सोडवला. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी वेरूळला गेलं तर कैलास लेण्यापेक्षा माणसांच्या पाठीच जास्त दिसणार. म्हणून शनिवार-रविवार शहरात घालवायचे, सोमवारी देवगिरी आणि वेरूळ. अजिंठा शंभरेक किलोमीटर उलट्या दिशेला, त्यामुळे या खेपेला बाद. नवऱ्याला ते फार लागलं. त्यानं दोनदा नकाशा उघडून बघितला.

खोल्या दोन घ्यायच्या हे माझं म्हणणं. सतरा वर्षांच्या मुलीला आणि चौदाव्यात पाय ठेवलेल्या मुलाला एका खोलीत आईबापांसोबत कोंबलं की दुसऱ्या दिवसापासून भांडणं सुरू होतात, सहल कितीही छान असो. आम्ही मायलेकी एकीकडे, बापलेक दुसरीकडे. त्याचे जास्तीचे पैसे आम्ही गाडीतून घरची शिदोरी नेऊन आणि एकेक जेवण साधं करून भरून काढले.

शुक्रवार

अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, तिथून मोठा हायवे. बीड, गेवराई, शहागडला गोदावरी ओलांडली, पाचोड, आडूळ. धपाटे आणि दही गेवराईच्या अलीकडेच संपलं. पोरं दोन्ही झोपलेली.

हॉटेलच्या फोटोत खिडकीतून शहर दिसत होतं. प्रत्यक्षात आमच्या खोलीची खिडकी जिन्यात उघडत होती. काउंटरवरच्या मुलाला मी फोटो दाखवला तर तो म्हणाला, “मॅडम, तो वरच्या मजल्याचा आहे.” वरच्या मजल्यावर गच्ची होती. मी वाद घालायच्या तयारीत होते, तेवढ्यात धाकटा म्हणाला, “मम्मी, वायफाय भारी आहे,” आणि माझी बाजू तिथंच पडली.

संध्याकाळी सिडकोतल्या कॅनॉटला गेलो. मधे बाग, भोवतीनं दुकानं आणि खाण्याच्या गाड्या, आणि कॉलेजच्या पोरापोरींचे थवे. थोरलीच्या चेहऱ्यावर मी तेव्हा जे बघितलं ते गेल्या सहा महिन्यांत बघितलं नव्हतं. ती फक्त चालत होती, काही बघत नव्हती, काही विकत घेत नव्हती. आम्ही दोघं बागेत एका बाकावर बसलो आणि त्यांना सांगितलं, तासाभरानं इथंच या, फोन चालू ठेवा. नवरा दर पाच मिनिटांनी मान उंच करून बघत होता. मी म्हटलं, “बसा की निवांत. उद्या-परवा होस्टेलला जाईल ती.” पोरं वेळेच्या आधी परतली, कारण पाकिटातले त्या दिवसाचे पैसे संपले होते.

शनिवार

बीबी का मकबरा सकाळी लवकर. या वेळेला आत शिरलं की समोरच्या लांब हौदाच्या कडेनं मधोमध चालता येतं, दहानंतर तिथं फोटोवाल्यांच्या रांगा लागतात. थंडी होती, धाकट्यानं हूडीची टोपी नाकापर्यंत ओढलेली.

नवऱ्यानं टायमर लावून घेतला आणि सुरुवात केली. औरंगजेबाची बेगम दिलरस बानू हिची ही कबर, मुलगा आझमशाह यानं १६६० च्या सुमारास बांधून घेतलेली. रचनाकार अताउल्ला, ताजमहालाच्या उस्ताद अहमद लाहोरीचा मुलगा. आणि अभियंता हंसपत राय. दोघांची नावं मुख्य दारावर कोरलेली आहेत. “म्हणजे बापानं ओरिजिनल केलं आणि पोरानं कॉपी,” धाकटा म्हणाला. यावर नवऱ्याची उरलेली दोन मिनिटं वाया गेली.

खरी करमणूक खर्चाच्या आकड्यात झाली. मकबऱ्याला ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे खर्च आला अशी जुनी नोंद सांगतात, आणि ताजला ३ कोटी २० लाख. थोरलीनं फोन काढून भागाकार केला. “जवळजवळ अठ्ठेचाळीसावा भाग! एवढ्यात हे बांधलंय?” मग ती भिंतीजवळ जाऊन बघू लागली की पैसे वाचवले कुठं. खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत संगमरवर आहे. त्याच्या वर दगडावर चुन्याचा गिलावा, घोटून घोटून गुळगुळीत केलेला, आणि मग एकदम वर घुमट पुन्हा संगमरवरी. दोन्ही पांढरे, पण पांढरेपणात फरक आहे. संगमरवराच्या आत उजेड थोडा शिरल्यासारखा दिसतो, गिलाव्यावरून तो परत फिरतो. कोवळ्या उन्हात ही रेघ स्पष्ट दिसत होती. ‘गरिबांचा ताज’ म्हणून नाक मुरडणारे लोक इथं पुष्कळ भेटतात. मला तर कमी पैशात डौल राखणारी ही इमारत आपल्याकडची वाटते. मराठवाड्यात बजेट कधी पुरतं?

आत कबर खालच्या पातळीवर आहे. वरून, जाळीच्या कठड्यावरून वाकून बघायचं. लोक नाणी टाकतात. धाकट्यानंही एक टाकलं आणि वहीत लिहिलं, ‘मकबरा, १ रु., परत न मिळणारे’. पंधरा वर्षांखालच्यांना तिकीट लागत नाही, म्हणून आपल्या तिकिटाचे वाचलेले पैसे आपल्यालाच मिळावेत अशी त्याची मागणी होती. ती फेटाळली.

पाणचक्की तिथून जवळच. तो खरं तर यादीतून कापलेला भाग, पण वाटेवरच होती आणि चहा प्यायचा होता. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात हौद, त्याच्या काठाशी जुना प्रचंड वड. डोंगरातल्या झऱ्याचं पाणी जमिनीखालून मातीच्या नळांतून इथपर्यंत आणलेलं, ते उंचावरून धबधब्यासारखं पडतं आणि त्याच्या जोरावर जातं फिरायचं. दर्ग्यात येणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी त्यावर दळण निघायचं.

“पण पंप नसताना पाणी वर कसं चढलं?” हा प्रश्न धाकट्यानं विचारला, आपणहून. नवऱ्याचा चेहरा असा उजळला की मीच टायमर बंद केला. त्यानं चहाच्या कपातली स्ट्रॉ मागितली, चहाला स्ट्रॉ नसते, मग शेजारच्या उसाच्या गाडीवरून आणली. पाण्याची बाटली उंच धरून, स्ट्रॉ वाकवून त्यानं दाखवलं. झरा जितका उंच असेल तितक्या उंचीपर्यंत बंद नळातलं पाणी आपोआप चढतं, मधे नळ कितीही खाली गेलेला असो. फक्त नळ फुटता कामा नये आणि त्यात हवा कोंडून राहता कामा नये. मलिक अंबरानं १६१० मध्ये खडकी हे गाव वसवलं तेव्हाही पाणी असंच आणलं होतं. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि त्यानं कोरड्या माळावर शहर उभं केलं, ते या नहरींच्या भरवशावर. खडकीचं पुढं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आता संभाजीनगर.

थोरली बराच वेळ पाण्याकडे बघत होती. मग म्हणाली, “चारशे वर्षांपूर्वी यांनी नळानं पाणी आणलं. आणि आपल्याला मिरजेहून रेल्वेनं आणावं लागलं?” २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला ‘जलदूत’ आली तेव्हा ती लहान होती. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, पाच लाख लिटर पाणी. तिला आठवत होतं ते एवढंच की मी तिला भांडी घासायला वाळू दिली होती. धाकट्याला काहीच आठवत नव्हतं. त्याला तिनं गाडीत बसल्यावर सगळं सांगितलं, घागरींच्या रांगा, टँकर, जमावबंदी, आणि मी मधे एक शब्द बोलले नाही.

हौदाच्या खाली खांबांचं दालन आहे. वर पाणी, खाली माणसं. हौदाचा तळ तेच दालनाचं छत. जानेवारीतही तिथं अंगावर काटा आला. उन्हाळ्यात काय सुख असेल.

दुपारी ठरावाप्रमाणे झोप. हा ठराव मोडू नये असं मी प्रत्येकाला सांगेन. तीन तास खोलीत घालवणं म्हणजे पैसे वाया, असं नवऱ्याला वाटत होतं. तोच सगळ्यात जास्त घोरला.

संध्याकाळी गुलमंडी. पैठण गेटजवळ रिक्षानं उतरलो आणि पुढं पायी. रिक्षाचं भाडं ठरवायचं काम थोरलीचं. पहिल्या रिक्षावाल्यानं सांगितलेल्या आकड्याला ती लगेच हो म्हणाली, तेव्हा धाकट्यानं पाकीट खिशात दाबून “नाही, दुसरी बघू” असं ठणकावलं. दुसरा वीस रुपयांनी स्वस्त निघाला. बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात. सगळे काही उरले नाहीत, पण जे आहेत त्यांच्या कमानीखालून अजून बस, रिक्षा, हातगाड्या जातात. सकाळपासून दोघांची शर्यत लागली होती, कोण आधी दरवाजा ओळखतं. मकई, भडकल, दिल्ली, पैठण. भडकल गेट मलिक अंबरानं १६१२ मध्ये मुघलांवरच्या विजयानंतर बांधलं, हे आता धाकटाच मला सांगत होता.

गुलमंडीवर इमरती खाल्ली, उभ्यानं, कागदावर, बोटं चिकट होऊन. पाक आतपर्यंत मुरलेला, बाहेरचा कडा अजून कुरकुरीत. दुसरी मागवायची की नाही यावर पाकीटवाल्याची परवानगी घ्यावी लागली.

रविवार

नान-कलिया शनिवारीच खायचा होता, पण नवऱ्याचा शनिवार असतो. त्यामुळे तो रविवारी दुपारी. सकाळ मोकळी होती. मी औरंगाबाद लेण्यांचं नाव काढलं. वेरूळ उद्या असताना आज परत लेणी कशाला, म्हणून दोघंही नाराज. मी ठरावावर बोट ठेवलं, सकाळ आमची.

विद्यापीठावरून रस्ता जातो. नामविस्तार दिन नुकताच झालेला, १४ जानेवारीचे फलक अजून उतरले नव्हते. विद्यापीठाच्या गेटसमोर गाडी थांबवून मी पोरांना सांगितलं की १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव मिळायला १९९४ उजाडलं, आणि मधल्या वर्षांत नामांतरासाठी लोकांनी काय काय सोसलं. त्यांच्या पुस्तकात हे दोन ओळीत आहे. गेटपुढं एक म्हातारी बाई चप्पल काढून हात जोडून उभी होती. थोरलीनं गाडीतून उतरून गेटचा फोटो काढला, तिचा नाही. हे मला आवडलं.

लेण्यांना पायऱ्या चढून जावं लागतं. सहाव्या-सातव्या शतकातली ही बौद्ध लेणी मकबऱ्यामागच्या डोंगरात आहेत आणि इथं गर्दी अशी नसतेच. आम्ही, एक कॉलेजचं जोडपं आणि सुरक्षारक्षक. तिसऱ्या लेण्यात, गाभाऱ्यात बुद्धासमोर माणसाच्या मापाची भक्तमंडळी गुडघे टेकून बसली आहेत, बाया आणि पुरुष, दागिने, केसांच्या रचना सगळं जसंच्या तसं. अंधारात डोळे सरावले की एकदम माणसं दिसतात आणि दचकायला होतं. धाकटा चक्क “सॉरी” म्हणाला.

सातव्या लेण्यात रक्षकानं आपणहून बॅटरी लावली. गाभाऱ्याच्या भिंतीवर एक नर्तकी आणि तिच्या दोन्ही बाजूंना वाद्यं वाजवणाऱ्या बायका. थोरली नववीपर्यंत भरतनाट्यम शिकत होती, दहावीच्या क्लासमध्ये ते सुटलं. ती जवळ गेली, मान तिरकी करून बघत राहिली. मग मागं सरकली, दप्तर माझ्या हातात दिलं, आणि त्या मूर्तीसारखी उभी राहायला लागली. एक गुडघा वाकलेला, कंबर बाहेर काढलेली, एक हात छातीजवळ. “वजन सगळं या पायावर आहे,” ती स्वतःशीच बोलत होती. “नाही, असं नाही. टाच उचललीय बघ तिची.” रक्षकानं बॅटरीचा झोत मूर्तीच्या पायावर आणला. धाकट्यानं फोन काढला, तिनं डोळे वटारले, त्यानं परत ठेवला. थोड्या वेळानं तिला तोल सापडला आणि ती तशीच उभी राहिली, श्वास रोखून. पाय थरथरायला लागला तेव्हा हसत खाली बसली.

बाहेर आल्यावर खाली सगळं शहर पसरलेलं आणि मकबऱ्याचा घुमट. ती म्हणाली, “इथं नाटकाचा कोर्स पण आहे ना विद्यापीठात?” नाट्यशास्त्र विभाग आहे, हे मी सांगितलं. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. त्यावर कुणी पुढं काही बोललं नाही.

नान-कलियाबद्दल मी काय सांगू, मी शाकाहारी. तुघलकाच्या सैन्यासाठी एका वेळी हजारो माणसांना खाऊ घालता यावं म्हणून हा प्रकार निघाला, असं सांगतात. तंदूरमधले मऊ, हळदीनं पिवळट रंगाचे नान आणि तवंग आलेला मटणाचा रस्सा. जागा अरुंद, टेबलं ओली, गर्दी तोबा. तिघंही बोटं चाटत होते आणि मी नान साखरेसोबत खाल्ला. धाकट्यानं हिशेबात ‘मम्मी, साखर, फुकट’ असं लिहिलं.

संध्याकाळी मॉल. यात लिहिण्यासारखं काही नाही. त्यांनी सिनेमा बघितला, आम्ही बाहेर बसून कॉफीवर दोन तास काढले आणि लग्नाआधीच्या गोष्टी बोललो. पोरांच्या मागं मागं हिंडायचं नाही, हा या वयाच्या लेकरांसोबत फिरण्यातला आईबापांचा फायदा आहे, तो कुणी मोजत नाही.

सोमवार

हा दिवस पूर्ण लेकरांचा. मला वाटलं उशिरा उठतील. साडेसहाला धाकटा बूट घालून दारात उभा. कारण, किल्ला उन्हाच्या आधी चढायचा.

देवगिरी, म्हणजे दौलताबाद, शहरापासून पंधरा किलोमीटरच्या आत. वेरूळकडे जाणारी एसटीही तिथूनच जाते, पण आमची गाडी होती. आत शिरताना दरवाजांना लोखंडी सुळे आहेत, हत्तीनं धडक देऊ नये म्हणून, आणि वाटा सरळ नाहीत, वळणावळणाच्या. धाकट्यानं ताबा घेतला. पुढं तो आणि मागं आम्ही. चाँद मिनार, मेंढा तोफ. या तोफेच्या मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे, शिंगांसकट.

मग खंदक. डोंगराच्या पायथ्याचा कातळ चहूबाजूंनी उभा तासून काढलाय, वर चढायला बोट रुतवायला जागा नाही, आणि आत जायला पुलाची एकच वाट. त्यानंतर अंधारी. वळत जाणाऱ्या पायऱ्या, वटवाघळांचा वास, हातानं भिंत चाचपत जायचं. वाटेत एके ठिकाणी उजेड दिसतो. शत्रू बिचारा उजेडाकडे धावायचा आणि थेट खंदकात पडायचा. शिवाय वरच्या तोंडाशी शेगडी पेटवून धूर आत सोडायची सोय. “म्हणजे हे लेव्हल क्लिअर करणं इम्पॉसिबल,” धाकटा म्हणाला. त्याच्या तोंडून याहून मोठं प्रशस्तिपत्र मिळत नाही.

“मग हा किल्ला घेतला कसा?” त्यानं बारादरीच्या पायऱ्यांवर दम खात विचारलं. नवऱ्यानं सांगितलं, १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला, रामदेवराव यादव किल्ल्यात अडकला, आणि धान्य म्हणून घाईघाईत आत आणलेल्या गोण्यांत मीठ निघालं, अशी गोष्ट आहे. धाकटा थक्क. “एवढा खंदक, एवढी अंधारी, आणि गोण्या कुणी उघडून बघितल्या नाहीत?” १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकानं दिल्लीहून राजधानी इथं हलवली, तेही ऐकवलं. थोरली म्हणाली, “त्याला कुणीतरी उन्हाळ्यात आणायचं होतं आधी.” वरून दिसणारा मुलूख जानेवारीतच पिवळा पडायला लागला होता.

उतरल्यावर रस्त्याकडेच्या बाईकडून पेरू, मीठ-तिखट लावून. दुपारचं जेवण ढाब्यावर, मग वेरूळ. कैलासाचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपारनंतर उजेड समोरून येतो, हे थोरलीनं शोधून ठेवलं होतं. तिनं आणखी एक ठरवलं होतं. लेणी ३४, बघायची तीनच. १० नंबरचं बौद्ध, १६ नंबरचं कैलास आणि ३२ नंबरचं जैन. एकेका धर्माचं एकेक.

“एवढ्या लांब येऊन तीन?” नवरा हतबल झाला. “पप्पा, मागच्या वेळी तुम्ही आम्हाला सगळी दाखवली होती. मला त्यातलं एकही आठवत नाही.” हे खरं होतं. ती तेव्हा दुसरीत होती आणि मला स्वतःलाही त्या दिवसातलं फक्त ऊन आठवतं.

दहाव्याला सुतार झोपडी म्हणतात. छताला दगडाच्या फासळ्या, हुबेहूब लाकडी तुळयांसारख्या. लाकूडकामाची सवय दगडात उतरलेली. तिथल्या माणसानं खालच्या सुरात एक स्वर लावला आणि तो छताला लागून बराच वेळ फिरत राहिला.

कैलासाला आम्ही आधी आत गेलोच नाही. बाजूच्या वाटेनं डोंगरावर चढलो आणि वरून बघितलं. नवऱ्यानं टायमर न मागता सांगायला सुरुवात केली, कुणी अडवलं नाही. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळात, कारागिरांनी डोंगरात वरून चर खणले आणि मधला कातळ सुटा केला. मग कळसापासून सुरुवात करून खाली खाली कोरत आले. पायापासून वर बांधत जायचं नाही, त्यामुळे परांची बांधायची गरज नाही. उभं राहायला खालचा न कोरलेला दगड असायचाच. काढून टाकलेला दगड दोन लाख टन असावा असा अंदाज सांगतात. “यात चूक झाली तर?” थोरलीनं विचारलं. “दगड परत चिकटवता येत नाही.” ती खाली कळसाकडे बघत म्हणाली, “अनडू नाही. निगेटिव्ह मार्किंग.” आणि मग दोघी हसलो, मी जरा जास्तच.

खाली उतरून आत फिरलो. कैलास हलवणारा रावण बघितला, हत्ती बघितले. थोरली एका खांबाला टेकून तासभर काहीतरी रेखाटत बसली, केमिस्ट्रीच्या वहीच्या मागच्या पानावर. धाकटा कंटाळला, तर त्याला बाहेर पाठवलं, त्यानं आइस्क्रीम खाल्लं, परत आला. कुणी कुणाला ओढत नेलं नाही. बत्तिसावं जैन लेणं लांब आहे, तिथं पोचलो तेव्हा वेळ संपत आली होती. छतावरचं कमळ आणि थोडे रंग तेवढे बघून निघालो.

राहिलं घृष्णेश्वर. सासूबाईंचं बजावणं होतं, वेरूळला जाताय तर दर्शनाशिवाय यायचं नाही. आणि नेमका सोमवार, रांग बाहेरपर्यंत. गाभाऱ्यात जायचं तर पुरुषांनी कमरेवर उघडं व्हावं लागतं. हे कळल्याबरोबर धाकट्यानं टी-शर्टची कड दोन्ही मुठीत घट्ट धरली. “मी नाही काढणार. सगळे बघतायत.” नवरा समजवायला लागला, “अरे, सगळेच उघडे असतात.” “तेच तर!” चौदाव्या वर्षी अंगाचं काय ओझं असतं ते मोठ्यांना आठवत नाही. मी त्याला बाजूला घेतलं. नवरा एकटा रांगेत राहिला, आम्ही तिघांनी बाहेरून हात जोडले, शिखरावरची कोरीव कामं बघितली. अहिल्याबाई होळकरांनी या मंदिराचा जीर्णोद्धार केला. मग आम्ही समोर उसाचा रस प्यायलो.

मंगळवार

सकाळी हिमरूचं दुकान. सूत आणि रेशीम मिळून विणलेलं हे कापड, तुघलकाच्या राजधानीबरोबर विणकर इकडं आले असं सांगतात. हातमाग आता थोडेच उरलेत. दुकानदारानं माग दाखवला, चालवणारा म्हातारा तोंडानं काही न बोलता पाय आणि हात चालवत होता. मी एक शाल घेतली. पाकिटातले पैसे पुरले नाहीत, म्हणून धाकट्यानं ती खरेदी हिशेबात धरायला साफ नकार दिला.

निघताना थोरली म्हणाली, “घाटीवरून जाऊ या का?” घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय, १९५६ पासूनचं; सगळा मराठवाडा इथं उपचाराला येतो. दारात ॲम्ब्युलन्स, चादरी अंथरून बसलेली खेड्यातली माणसं, डबे, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांच्यामधून पांढरे ॲप्रन घातलेली पोरंपोरी भराभर चाललेली. त्यांच्यातल्या काही जणी थोरलीपेक्षा फार मोठ्या दिसत नव्हत्या. तिनं काच खाली केली आणि बघत राहिली. नवऱ्यानं गाडी कडेला घेतली, काही बोलला नाही. त्याला बोलायचं होतं, हे मला त्याच्या बोटांवरून कळत होतं, स्टिअरिंगवर ताल धरलेला. मीही गप्प बसले. पाचेक मिनिटांनी तीच म्हणाली, “चला.”

परतीच्या वाटेवर पुढच्या खेपेवरून वाद सुरू झाला. धाकट्याला हैदराबाद पाहिजे. थोरली म्हणाली, मेडिकलची ‘नीट’ परीक्षा झाल्याशिवाय काही नाही, आणि तेव्हाही तीनच ठिकाणं. नवऱ्यानं अजिंठ्याचा विषय काढला, कुणी उत्तर दिलं नाही. बीड गेलं. मांजरसुंब्याला चहाला थांबलो तेव्हा सासूबाईंचा फोन आला. धाकट्यानं उचलला.

“दर्शन झालं का रे नीट?”

“पप्पांना झालं, आज्जी,” तो म्हणाला आणि फोन घाईघाईनं माझ्या हातात दिला.